तेविसावं पाऊल

आज सकाळी नळाचं पाणी हाताला चटकलं नाही.

अल ऐनमध्ये ऑगस्टच्या अखेरीस ही बातमी म्हणून सांगण्यासारखी गोष्ट असते. मे महिन्यापासून इथल्या गच्चीवरच्या टाक्या तापायला लागतात आणि गार पाण्याचा नळ सोडला की आधणाचं पाणी येतं. मग आम्ही सगळे उलटा संसार करतो. गीझर बंद ठेवायचा, त्यात पाणी साठू द्यायचं आणि ‘गरम’चा नळ सोडून त्यातल्या त्यात गार पाण्यानं अंघोळ उरकायची. तीन-साडेतीन महिने हे असंच चालतं. मग एका सकाळी, बाहेर ऊन तसंच रटरटत असताना, ध्यानीमनी नसताना पाणी नुसतं कोमट येतं. मी नळाखाली हात धरून जरा जास्तच वेळ उभी राहिले.

दूध आणायला खाली बकाल्यात गेले. बकाला म्हणजे आमचं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. ते चालवणारे हमीदभाई मूळचे रत्नागिरीकडचे, इथे येऊन त्यांना तीस वर्षं झाली. त्यांना पाण्याचं सांगितलं, तर त्यांनी मान वर न करता बिल करता करता म्हटलं, “सुहैल निघाला ना ताई. आता खलास, उन्हाळा गेला समजा.” उन्हाळा कुठेही गेलेला नव्हता. पाचच मिनिटांनी मी गाडीचं स्टिअरिंग रुमालात धरून कामाला निघाले होते. पण तेवढ्या दोन वाक्यांनी मन मात्र वर्षभर मागे गेलं, एका लांब अरुंद पॅसेजमध्ये, एका पितळी घंटेच्या आवाजापाशी.

सुहैल म्हणजे आपला अगस्ती. दक्षिणेला अगदी खाली उगवणारा, ठळक, पांढरा तारा. इथल्या लोकांचे डोळे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे त्याच्याकडे लागलेले असतात. तो दिसला की ऋतू वळला. आपल्या पंचांगातही अगस्तीच्या उदयाची नोंद असते, पण संगमनेरला माझ्या लहानपणी त्या दिवसांत आभाळ भरलेलं असायचं आणि अगस्ती ही फक्त कॅलेंडरच्या चौकोनात बारीक टाइपात छापायची गोष्ट आहे, असंच मी धरून चालले होते. त्याला खरोखर डोळ्यांनी पाहिलं ते इथे येऊन. आणि त्याचं तिसरं नाव कळलं ते गेल्या वर्षी, गाओ आजोबांकडून. त्यांच्याकडे त्याला ‘दक्षिणेचा म्हातारा’ म्हणतात.

मी फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन पडलेल्या माणसांना उभं करायचं, हा माझा धंदा. गाओ आजोबा शहात्तर वर्षांचे, चीनच्या उत्तरेकडच्या शांदोंग प्रांतातल्या एका खेड्यातले. थंडी काढायला म्हणून लेकीकडे अल ऐनला आले आणि परतायच्या आधीच अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. लेक मेइ, सनाइयात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, नळ आणि दिवे विकायचं दुकान चालवते. दहा वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिची एक स्वतःचीच हिंदी तयार झाली आहे. आजोबांना त्यांच्या बोलीशिवाय काही येत नव्हतं. मला मराठी, हिंदी, इंग्रजी आणि पेशंटला दटावण्यापुरतं अरबी. तेव्हा आमच्या मधे मेइ आणि तिची ती हिंदी.

पहिल्याच दिवशी तिनं मला काय ते स्वच्छ सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये ती दुकान आवरून कायमची परत जाणार होती, पण राहणार होती शहरात, कामाच्या जागी. तिकडे तिच्या भावानं वडलांसाठी एक संस्था बघून ठेवली होती. तिथे सगळं पलंगावरच करतात: जेवण, अंघोळ, सगळं. आजोबा ऑक्टोबरपर्यंत स्वतःच्या पायांनी पलंगापासून दारापर्यंत जाऊ लागले, तरच ते आपल्या घरात राहू शकणार होते, शेजाऱ्याच्या लक्ष ठेवण्यावर. नाही जमलं, तर संस्था. “अपना घर या वो बिस्तर,” ती म्हणाली. “डॉक्टर, तुम्हारे हाथ में.” मी डॉक्टर नाही, हे मी तिला कितीदा सांगितलं. आणि माझ्या हातात फारसं नसतं, हेही.

कारण आजोबांना काही करायचंच नव्हतं. उशाशी एक पितळी घंटा होती, मेइनं आणून दिलेली. पाणी हवं, घंटा. कूस बदलायची, घंटा. पडदा ओढायचा, घंटा. मेइ दुकानात गेली की कामाला येणारी बाई पळायची. मी गेले की ते भिंतीकडे तोंड करायचे. मी पाय उचलायचे, वाकवायचे, सरळ करायचे, आणि ते एखाद्या परक्याचा पाय असावा तसे तो माझ्याकडे सोपवून मोकळे व्हायचे. अशा पेशंटचा मला मनस्वी राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

त्यांच्या पलंगाशेजारी भिंतीवर एक जाडजूड कॅलेंडर होतं, रोज एक पान फाडायचं. ते एकच काम ते स्वतः, उजव्या हातानं करत. एकदा मी विचारलं, यात एवढं काय बघता? तेव्हा पहिल्यांदा ते तोंड भरून बोलले, आणि मेइला दुकानाला उशीर झाला.

प्रत्येक पानावर त्या दिवसाचं नक्षत्र होतं. आपली सत्तावीस, त्यांची अठ्ठावीस, चंद्राच्या वाटेवरची घरं. रोज एक, अशी अठ्ठावीस दिवसांची ठरलेली फेरी, आकाशातला चंद्र त्या दिवशी कुठेही असो. मोजायला सुरुवात करतात ती आपल्या चित्रेपासून, पण तिथे त्यांना शिंग दिसतं. मग मान, मूळ, खोली, हृदय, शेपूट, सूप. या सातांचा मिळून पूर्वेचा निळा अजगर होतो. शिंगाच्या दिवशी लग्न चांगलं, मानेच्या दिवशी काही सुरू करू नये, असं प्रत्येकाचं ठरलेलं. माझ्या आईनं संगमनेरहून दरवर्षी न चुकता पाठवलेलं कॅलेंडर माझ्याही स्वयंपाकघरात आहे. मी असलं काही मानत नाही. पण बघते. रोज बघते.

त्यांच्या आकाशात काय नाही! राजा आहे, दरबार आहे, बाजार आहे, धान्याचं कोठार आहे, तुरुंग आहे. आणि मृगाच्या पायाशी, चार ताऱ्यांचा, चक्क संडास आहे. त्याच्या खाली एक एकटाच तारा आहे, तो संडासात जे असतं तेच आहे. तो पिवळा दिसला तर लोकांची तब्येत चांगली, रंग बदलला तर रोगराई. हे सांगताना मेइ लाजली, आजोबा मात्र हसले. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण हसले. मी म्हटलं, आकाशातल्या राजाला सुद्धा चालत तिथवर जावं लागतं, तुम्हाला घंटा वाजवून कसं चालेल? मेइनं हे भाषांतर करताना काय केलं कोण जाणे, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले.

मग कळलं की ते आयुष्यभर छापखान्यात, म्हणजे लाकडी ठशांवरून नववर्षाची चित्रं छापायच्या कामात होते. दारावर लावायचे पहारेकरी, गुबगुबीत मुलं, मासे. आणि सगळ्यात जास्त खपायचा तो दीर्घायुष्याचा म्हातारा. हातात काठी, दुसऱ्या हातात पीच, आणि कपाळ केवढं तर अर्धं डोकं. तो म्हणजे दक्षिणेचा म्हातारा, तोच आपला अगस्ती. तो नीट दिसला तर राज्यात शांतता आणि माणसाला आयुष्य. दिसेनासा झाला तर लढाया. शरदात दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला पहाटे दक्षिणेकडे तोंड करून त्याला पाहायचं, अशी राजांच्या काळापासूनची रीत. आजोबांनी हजारो म्हातारे छापले. पण त्यांचं गाव इतकं उत्तरेला, की तो तारा तिथे क्षितिजाच्या वर डोकंच काढत नाही. पन्नास वर्षं ज्याचं चित्र विकलं, त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं, इथे दिसतो. काही दिवसांत दिसेल. मागच्या दाराबाहेर उभं राहिलात की समोरच, हफीत डोंगराच्या खांद्याजवळ.

ते मेइला काहीतरी म्हणाले, आणि तिनं मला सांगितलं, “पापा बोलता, बड़े आदमी से मिलने लेट के नहीं जाता. खड़ा होके जाता.”

असा एक क्षण मिळावा म्हणून मी महिना-महिना घासत असते.

पुढचे दिवस जोरात गेले. वॉकर आला. उभं राहणं, वजन डाव्या पायावर घेणं, पुन्हा उभं राहणं. मेइचं दुकान सकाळी उघडतं म्हणून मी पहाटेच जायची, अजान होत असताना गाडी लावायची. खजुरांचा मोसम संपत आला होता. मेइ टेबलावर अर्धवट पिकलेल्या, मध गळणाऱ्या खजुरांची वाटी ठेवायची आणि त्या गोड वासात, एसीच्या घरघरीत, आमची कुस्ती चालायची. आजोबा दोन पावलं चालले. मग पाच.

आणि मग मी ती चूक केली.

आईच्या कॅलेंडरवर त्या गुरुवारी गुरुपुष्य होतं. सोनं घ्यायचा, शुभ काम काढायचा दिवस. आमच्या घरात नवी वहीसुद्धा गुरुपुष्यालाच उघडायचे. आजोबांच्या पानावर त्या दिवशी विहिरीचं नक्षत्र होतं, ते त्यांना चालणार होतं. दोघांची पंचांगं जमली म्हणून मी खूश. त्यांना पहाटे चाकांच्या खुर्चीवरून मागच्या दारापर्यंत न्यायचं आणि तिथे पहिल्यांदा मोकळ्या हवेत उभं करायचं, असं ठरवलं. फोनवर माझ्या मुलीनं, इरानं, आकाश दाखवणारं एक ॲप घालून दिलं होतं, आणि आजोबांना आवडेल म्हणून त्यात चिनी नावं सुरू केली होती.

सगळं छान झालं. ते दारात वॉकर धरून उभे राहिले. बाहेर ती दमट, गरम हवा, पण हवा. पूर्वेला चंद्राची अगदी बारीक कोर होती. मला राहवलं नाही. मी फोन कोरीपुढे धरला आणि म्हटलं, हे बघा, आमच्याकडचं सगळ्यात चांगलं नक्षत्र. पुष्य. आज चंद्र त्यात आहे, म्हणून तुम्हाला आज उभं केलं.

त्यांनी पडद्यावरचं अक्षर वाचलं. आणि त्यांचे गुडघे गेले.

मी मागून त्यांच्या कमरेचा पट्टा धरलेला होता म्हणून ते आपटले नाहीत, घसरत खाली बसले, आणि त्यांच्याबरोबर मीही. वॉकर अंगणात जाऊन पडला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात माझ्या हातातून पेशंट कधी पडला नव्हता.

आपलं पुष्य तेच त्यांचं तेविसावं नक्षत्र. भूत. चार ताऱ्यांची पेटी, आणि मधे जो धुरकट पुंजका दिसतो तो प्रेतांच्या राशीतून निघणारा वाफारा. ज्याला मी सगळ्यात शुभ म्हणून त्यांच्या नाकासमोर धरलं, ती त्यांच्या डोळ्यांना तिरडी होती. आजाऱ्याला, पहिल्याच दिवशी, दारात.

घरी येऊन इराला सांगितलं. ती सतरा वर्षांची, इथेच वाढलेली, मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. तिनं डोळे मोठे केले आणि म्हणाली, “आई, यू शोड अ स्ट्रोक पेशंट अ कॉफिन. ग्रेट.” मी तिच्यावर उगाच ओरडले. राग माझा माझ्यावरच होता.

तीन दिवस आजोबा उठले नाहीत. घंटा पुन्हा सुरू झाली, पूर्वीपेक्षा जास्त. शुक्रवारी त्यांच्या कॅलेंडरवर भुताचंच पान होतं, ते त्यांनी फाडलं नाही. तसंच लोंबत ठेवलं. मेइ माझ्याशी नीट बोलत होती, पण डोळे चुकवून, आणि फोनवर भावाशी तिचं जे चाललं होतं ते मला भाषा न कळताही कळत होतं. रविवारी हमीदभाईंनी सुहैल दिसल्याची बातमी दिली. मला ती ऐकवेना.

सोमवारी मी एक ठरवून गेले. माफी मागायची आणि हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं. पण पलंगाशी पोचल्यावर मला काय झालं, ते मलाही सांगता येणार नाही. तो लोळागोळा झालेला पाय दिसला आणि डोकंच फिरलं. मी मेइला म्हटलं, त्यांना विचार, या दिवशी काहीच चांगलं होत नाही? एवढ्या मोठ्या पंचांगात त्या बिचाऱ्या चार ताऱ्यांना एकही काम दिलेलं नाही?

आजोबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. त्या लोंबणाऱ्या पानाकडे बघितलं. घर बांधू नये, लग्न करू नये, दार बसवू नये. एकच गोष्ट त्या दिवशी उत्तम: पुरणं. त्या दिवशी पुरलं तर पुढच्या पिढ्यांना मानमरातब मिळतो. हे सांगून त्यांनी उजवा हात लांबवला, उशाशी असलेली घंटा उचलली, आणि ती माझ्यापुढे धरली.

“पापा बोलता,” मेइ म्हणाली, “अगला भूत वाला दिन, ये गाड़ेगा. बाहर. खुद जाके.”

भूत अठ्ठावीस दिवसांनी परत येतं. तीन दिवस रुसण्यात गेले होते. उरले पंचवीस. सगळ्यात अशुभ दिवसालाच कामाला लावणारा हा म्हातारा मला त्या क्षणी फार म्हणजे फार आवडला.

पलंगापासून मागच्या दारापर्यंत त्यांची आखूड अठ्ठावीस पावलं होत होती. हा हिशेब त्यांचाच. प्रत्येक पावलाला ते नक्षत्राचं नाव घेत: ज्याओ, खांग, ती, फांग. मी मराठीत मागे मागे: शिंग, मान, मूळ, खोली. पहिल्या आठवड्यात आम्ही अजगराच्या शेपटीपर्यंत पोचलो. दुसऱ्या आठवड्यात कृत्तिकांपर्यंत. त्यांच्याकडे ते केसाळ डोकं. माझ्या धंद्यात सगळे एक-दोन-तीन-चार मोजतात, आणि पेशंटला ‘चार’नंतर दमायची सवय होते. इथे दमायला फुरसतच नव्हती, पुढच्या घरात कोण आहे याची त्यांना घाई असायची. मला त्या दिवसांत गाडी चालवताना, भाजी चिरताना, पायऱ्या चढतानाही ती नावं येत. इरा म्हणायची, यू आर चांटिंग अगेन.

तिसऱ्या आठवड्यात ते बाविसाव्या पावलाला पोचले. विहीर. आणि थांबले.

बाविसाव्या पावलाला पॅसेजची भिंत संपते आणि पुढे स्वयंपाकघराची मोकळी जागा लागते. डाव्या बाजूला टेकायला काही नाही. मला वाटलं, भीती त्याची आहे. मी पलंग दोन हात मागे सरकवला, म्हणजे तेविसाव्या पावलालाही भिंत असेल. दुसऱ्या दिवशी भिंत होती, तरी ते बाविसालाच थांबले. डावा खांदा भिंतीला, पाय जमिनीला खिळलेला. पलंग परत जागेवर आणला. मी म्हटलं, ते नाव नका घेऊ, बाविसावरून चोविसाला जा. त्यांना ते पटलं नाही. आकाशात खड्डा ठेवून पुढे कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं. जे नाव वाचून ते पडले होते, तेच हे नाव. तीन आठवड्यांत पायानं सगळं शिकून घेतलं, आणि एक अक्षर मात्र त्याला ओलांडता येत नव्हतं. ते अक्षर मी दाखवलं होतं.

मग मी रोज, व्यायाम झाल्यावर, मेइला थांबवून त्यांना पुष्याबद्दल सांगायला लागले. पुष्य म्हणजे जे पोसतं ते. काही जण तिथे गायीची कास बघतात. आमच्याकडे ते गुरूचं नक्षत्र. माझ्या आईनं माझं नाव शाळेत घातलं ते पुष्यावर, मी भांडून परदेशी शिकायला निघाले तेव्हा तिकीट काढलं तेही पुष्यावर, आणि मी मानत नाही असं म्हणत म्हणत इराचे कान टोचले तेही. ते ऐकून घेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाविसाला थांबत.

भुताचा तो शुक्रवार उजाडायच्या आधी मी इराला घेऊन गेले. मेइनं मागचं दार सताड उघडं ठेवलं होतं. अंगणात लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणून तयार होता. घंटा एका दोरीनं आजोबांच्या गळ्यात, कारण हात वॉकरला हवे होते, आणि ती प्रत्येक पावलाला किणकिणत होती. शिंग. मान. मूळ. मी मागे, पट्ट्याला हात न लावता, नुसता जवळ धरून. अजान संपली. पूर्वेचा अजगर झाला, मग पुढच्या सात-सात घरांचं उत्तरेचं कासव झालं, पश्चिमेचा वाघ झाला. विहीर.

घंटा वाजायची थांबली.

मी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. त्यांच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसत होता. मेइनं तोंडावर हात धरला होता. ढकलायला माझे हात शिवशिवत होते, आणि मी ते मुठीत आवळून धरले होते. मग मान न वळवता ते काहीतरी म्हणाले.

“बोलता, तुम बोलो,” मेइ कुजबुजली. “तुम्हारा वाला नाम बोलो.”

“पुष्य,” मी म्हटलं.

डावा पाय उचलला गेला. हवेत जरासा थरथरला. आणि टेकला.

पुढची पावलं त्यांची त्यांनी मोजली, मोठ्यानं: वाळुंज, तारा, जाळं, पंख, रथ. रथाला ते उंबऱ्यावर होते.

हफीत डोंगराच्या खांद्याजवळ तो होता. खाली, पांढरा, जरा लुकलुकणारा. आजोबांनी वॉकर सोडला. मी आता पट्टा घट्ट धरला. उजव्या हातानं त्यांनी आपला डावा हात उचलून घेतला, दोन्ही छातीशी जुळवले, आणि कमरेत वाकून नमस्कार केला. सरळ झाले ते स्वतःच. मग मेइला काहीतरी म्हणाले आणि मेइ रडता रडता हसायला लागली. “पापा बोलता, माथा इतना बड़ा नहीं है. पूरी ज़िंदगी ग़लत छापा.”

घंटा त्यांनी स्वतः खड्ड्यात टाकली. ती पडताना एकदा वाजली. माती लोटायला मेइ वाकली तशी त्यांनी तिला थांबवलं आणि पायानं माती आत सारली. डाव्या पायानं. त्यांच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. माझ्या आलं, आणि मी तोंड फिरवून लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले.

ऑक्टोबरमध्ये ते गेले, आपल्या घरी. अल ऐनच्या त्या घरात आता दुसरे भाडेकरू आहेत, केरळकडचे. परवा तिथून जाताना पाहिलं तर लिंबाला फळ धरलं होतं आणि खाली त्यांच्या मुलांच्या सायकली उभ्या होत्या. खाली काय पुरलं आहे, ते मी कशाला सांगू?

आज दुपारी सिग्नलला थांबले तेव्हा मेइला आवाजात निरोप पाठवला, तिच्याच हिंदीत: सुहैल आ गया, पानी ठंडा हो गया. तिच्या गावात तो तारा दिसत नाही, दिसणारही नाही. संध्याकाळी तिचं उत्तर आलं. एक व्हिडिओ. मातीचं अंगण, भिंतीला टेकवलेले लाकडी ठसे, आणि काठी घेऊन चालणारे गाओ आजोबा. त्यांना भेटायला आलेली मेइ फोन धरून दारातच उभी आहे. त्यांच्याजवळ कुणी नाही. ते मोजत येताहेत. मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून त्यांच्याबरोबर मोजायला लागले. शेजारी इराही येऊन उभी राहिली. बाविसाव्याला ते थांबले आणि माझं मोजणंही थांबलं.

“पुश्या,” ते म्हणाले, खणखणीत, आणि पाय टाकला.

वाळुंज, तारा, जाळं, पंख, रथ. अंगणाच्या टोकाला पोचले, काठी फिरवली, वळले, आणि पुन्हा शिंगापासून मोजायला लागले.